बेडूकडोळ्या स्प्राइटचे हरवलेले काटे : पाच दिवसांची शोधमोहीम

दिवस पहिला, गुरुवार : गेडन

माझ्या जुन्या गाडीची हरवलेली मीटरं शोधायला पहाटे साडेपाचला निघालो. रोजच्या गाडीच्या डिकीत टॉवेलात गुंडाळलेलं एक जुनं मीटर, पुठ्ठ्यावर काढलेले दोन गोल आणि प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलेला एक कागद, बाकी सामान म्हणजे कपडे आणि गमबूट. सोबत पुतण्या, त्याला मशीनचं वेड आहे आणि नजर माझ्यापेक्षा तीक्ष्ण, म्हणून मुद्दाम बरोबर घेतला.

आधी गाडीबद्दल सांगतो नाहीतर पुढचं काही कळणार नाही. 1959 ची ऑस्टिन-हीली स्प्राइट, हेडलाइट बॉनेटवर डोळे वटारल्यासारखे वर आलेले म्हणून हिला इंग्लंडात फ्रॉगआय म्हणतात, म्हणजे बेडूकडोळी. 948 सीसीचं इंजिन, 43 हॉर्सपॉवर. 1958 मध्ये ही गाडी आली ती मुळात स्वस्तात स्पोर्ट्स कार द्यायची या हिशोबानेच, त्यामुळे दाराला बाहेरून हँडल नाही, डिकीला झाकण नाही (सीट पुढे पाडून मागून सामान कोंबायचं), पुढचा बंपर वेगळे पैसे देऊन, हीटर वेगळे पैसे देऊन आणि आरपीएम मीटरसुद्धा (इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवणारं) वेगळे पैसे देऊनच! स्पोर्ट्स कार आणि आरपीएम मीटर एक्स्ट्रा, आज हे वाचून विचित्र वाटतं पण तेव्हा तसंच होतं. स्पीडोमीटर, पेट्रोलचा काटा आणि ऑइल प्रेशर-पाण्याचं टेंपरेचर एकाच तबकडीत दाखवणारं जोड मीटर, एवढंच गाडीबरोबर यायचं.

माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर आरपीएम मीटरच्या जागी नुसतं गोल झाकण आहे आणि बाजूला आणखी एक छोटं भोक, बरोबर 52 मिलिमीटरचं. सगळे त्याला दोन इंची म्हणतात पण खरं माप दोन पूर्णांक एक सोळांश इंच. त्या काळातली बहुतेक जास्तीची मीटरं याच मापाची, अँमीटर (बॅटरीत करंट येतोय की जातोय ते दाखवणारं), ऑइल टेंपरेचर, व्हॅक्यूम गेज, घड्याळ, काहीही बसतं. म्हणजे इथे काहीतरी होतं एवढं नक्की, पण काय होतं?

गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे त्या काळच्या कारखान्याच्या नोंदी आहेत, चॅसी नंबर कळवला की गाडी कधी बनली, रंग कोणता, कारखान्यातून काय काय बसवून बाहेर पडली याचा दाखला मिळतो. तोच तो फोल्डरमधला कागद. त्यात माझ्या गाडीपुढे हीटर आणि टॅकोमीटर असं स्वच्छ लिहिलंय. म्हणजे आरपीएम मीटर होतं, नंतर कुणीतरी काढलं आणि झाकण लावून टाकलं. मी तो कागद पहिल्यांदा वाचला तेव्हा दोन मिनिटं नुसता बसून होतो, आपल्या गाडीत काय होतं हे साठ वर्षांनी कुणीतरी लेखी सांगतंय! छोट्या भोकाबद्दल मात्र एक अक्षर नाही, आणि ते बरोबरच आहे कारण डीलरने नाहीतर मालकाने नंतर बसवलेल्या वस्तूची नोंद कारखाना कशाला ठेवेल.

म्युझियममध्ये दिवसभर मी लोकांना दिसतात तशा गाड्या बघितल्याच नाहीत, प्रत्येक काचेतून डोकं वाकडं करून डॅशबोर्ड बघत फिरलो. तबकडीवरचं छोटं अक्षर, काट्याची जाडी, कड्याचा उतार (काहींचं कडं आत उतरत जातं, काहींचं चपटं असतं), सगळं डोळ्यात साठवून घेतलं. परवा ब्यूलीच्या जुन्या भागांच्या बाजारात चिखलात उभं राहून पाच मिनिटांत निर्णय घ्यायचा असतो, तेव्हा हेच कामाला येतं.

रात्री मुक्कामी पुतण्या मोबाइलवर मी काढलेले डॅशबोर्डखालचे फोटो मोठे करून बघत होता. एकदम म्हणाला, "काका, ह्या दोन जाड वायरी कुठे जातात?" बघतो तर छोट्या भोकाच्या मागे चिकटपट्टी गुंडाळलेल्या दोन ब्राऊन वायरी, शेजारी लाल-पांढऱ्या पट्ट्याची एक बारीक वायर. मी ते फोटो वीस वेळा तरी बघितले असतील. ल्युकास कंपनीच्या वायरिंगमध्ये ब्राऊन म्हणजे बॅटरीची मेन लाइन आणि लाल-पांढरी म्हणजे डॅशबोर्डचे दिवे. मेन लाइन तोडून जे मीटर मध्ये बसतं ते एकच, अँमीटर! कोडं सुटलं. मी त्याची पाठ थोपटली आणि रात्री बराच वेळ झोप आली नाही.

दिवस दुसरा, शुक्रवार : अ‍ॅबिंग्डन आणि पुढे

सकाळी एम 40 ने खाली ऑक्सफर्डच्या बाजूला आणि तिथून अ‍ॅबिंग्डन. एमजीचा कारखाना इथे होता, 1980 मध्ये बंद झाला. माझी स्प्राइट नावाला हीली पण बनली इथेच. आता त्या जागी वेगळ्या इमारती आहेत, बघण्यासारखं फार काही उरलेलं नाही, तरी गाडी बाजूला लावून आम्ही पाच-दहा मिनिटं उभे राहिलो. गावातल्या काउंटी हॉल म्युझियममध्ये एक एमजीबी गाडी ठेवलीय ती बघितली आणि निघालो.

मग ए 34 ने दक्षिणेला. पाऊस लागला तो संध्याकाळपर्यंत. न्यू फॉरेस्टमध्ये शिरल्यावर रस्त्यावर मोकळी तट्टं आडवी उभी, हॉर्न वाजवून हलत नाहीत, थांबायचं आणि वाट बघायची. ब्यूलीला पोचलो तेव्हा ऑटोजंबल बाजाराची मैदानं दुरूनच दिसली पण आज आत जायची ताकद नव्हती, गमबूट आणले ते बरं केलं एवढंच ठरलं.

दिवस तिसरा, शनिवार : ब्यूली, मैदान

ऑटोजंबल म्हणजे जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार, हा शब्दच ब्यूलीच्या लॉर्ड मॉन्टेग्यू यांनी काढलेला. त्यांनी 1952 मध्ये स्वतःच्या घराच्या पुढच्या दालनात थोड्या जुन्या गाड्या मांडून म्युझियम सुरू केलं, पुढे त्याचंच नॅशनल मोटर म्युझियम झालं, आणि हा बाजार 1967 पासून भरतो. नजर जाईल तिथवर टेबलं, ताडपत्र्या, गंजलेले दिवे, कार्ब्युरेटर, स्टिअरिंगची चाकं, चिखलात उभी माणसं. मीटरवाले सगळे एका जागी नसतात हा सगळ्यात मोठा त्रास, एखाद्या ट्रॅक्टरच्या सामानवाल्याकडेच खोक्याच्या तळाशी हवी ती वस्तू सापडते. म्हणून रांग सोडायची नाही, एकेक खोकं बघायचं.

पहिल्या तासात तीन आरपीएम मीटरं हातात आली, तिन्ही सोडली. का ते सांगतो, कारण फसवणूक इथेच होते.

पहिलं दिसायला अगदी हवं तसं, माझ्या बाकीच्या मीटरांसारखं स्मिथ्स कंपनीचंच, पण मागे केबल फिरवून बसवायचा आटा नाही, त्याऐवजी वायरीचा एक छोटा वेढा. हे इलेक्ट्रिक मीटर, तबकडीवर खाली बारीक अक्षरात आरव्हीआय लिहिलेलं असतं. इग्निशनची वायर त्या वेढ्यातून जाते आणि करंटचे झटके मोजून काटा फिरतो. ही नंतरच्या गाड्यांची पद्धत, माझ्या गाडीला केबलने फिरणारं मीटर लागतं. म्हणून तबकडीवरचा तो बारीक कोड आधी वाचायचा, मग बाकीचं. स्पीडोमीटरवर तर एका मैलाला केबलचे किती फेरे तो आकडासुद्धा छापलेला असतो, तो आपल्या गियरबॉक्स आणि डिफरन्शियलशी जुळला नाही तर स्पीड आयुष्यभर चुकीचा दाखवणार.

दुसऱ्याचा काटा शून्याच्या खाली लोळत होता, म्हणजे आतली केसासारखी स्प्रिंग गेलेली.

तिसऱ्याने मात्र माझा संताप केला. चकचकीत, नवं कोरं वाटावं असं, विकणारा म्हणे एकदम ओरिजिनल, कधी गाडीला लागलंच नाही. मी भिंग लावून बघितलं तर आकडे पसरट, कडेला शाईची किनार फुटलेली, आणि जिथे बारीक कोड हवा तिथे नुसता काळा रंग. जुनी तबकडी घासून वर नवी छापलेली. नवी छापायला माझी हरकत नाही, तबकडी पार गेली असेल तर दुसरा इलाज नसतो आणि काही कारागीर ते इतकं सुंदर करतात की हात जोडावेत, पण मग तसं सांगून विका ना. साठ वर्षांची खूण पुसायची आणि वर ओरिजिनल म्हणायचं हे मला पटत नाही. काही न बोलता ठेवून दिलं आणि पुढे गेलो.

दुपारी एक वाजेपर्यंत आरपीएम मीटर नाही, पण त्याच्या आधी त्याचा गियरबॉक्सच सापडला! फ्रॉगआयचं आरपीएम मीटर इंजिनवरून सरळ चालत नाही, ल्युकासच्या डायनामोच्या शेपटाला एक मुठीएवढा छोटा गियरबॉक्स असतो आणि त्यातून केबल डॅशबोर्डकडे जाते. डायनामो इंजिनपेक्षा जास्त वेगाने फिरतो म्हणून वेग कमी करायला तो लागतो. मीटर मिळतं पण हे मिळत नाही अशी बऱ्याच जणांची रड असते, आणि इथे एका आजोबांच्या टेबलावर वाइपरच्या मोटरींमध्ये पडलेला. बोटाने फिरवून बघितला, दात शाबूत, ग्रीस वाळून मेणासारखं झालेलं. आजोबांनी विचारलं कुठल्या गाडीला हवाय, मी सांगितलं, तर स्वतःहून पाच पौंड कमी केले.

आणि मीटर मिळालं चारच्या सुमाराला, पाऊस परत सुरू झाल्यावर, अर्धे लोक ताडपत्र्या ओढायला लागल्यावर. क्रोमचं कडं काळवंडलेलं, काचेवर आतून धुकं, काटा पांढऱ्याचा पिवळट झालेला. पण तबकडी! काळा रंग एकसारखा, आकडे धारदार, खालचा कोड स्वच्छ वाचता येणारा. खिशात केबलचा एक तुकडा मुद्दाम ठेवला होता, त्याचं चौकोनी टोक मीटरच्या मागे घातलं आणि दोन बोटांत धरून झटक्यात फिरवलं. काटा उचलला गेला आणि सावकाश परत शून्यावर येऊन टेकला. परत फिरवलं, परत तसंच. आत काय होतं तर केबल एक लोहचुंबक फिरवते, त्याच्या भोवती अॅल्युमिनियमची वाटी असते, ती चुंबकाला चिकटलेली नसते, नुसत्या फिरत्या चुंबकाने तिच्यात करंट तयार होतो आणि ती ओढली जाते, आणि केसासारखी स्प्रिंग तिला मागे खेचते. जितका वेग तितकी ओढ. कुठे दात नाहीत, कुठे स्पर्श नाही, म्हणून तर साठ वर्षांनी बोटाच्या झटक्याला साथ देतं. पुतण्याला म्हटलं तू फिरव, त्याने फिरवलं आणि त्याचा चेहरा असा उजळला की मी भावात घासाघीस करायचं विसरलोच.

दिवस चौथा, रविवार : परत मैदान

आज फक्त अँमीटर. आणि ऊन, देवाची कृपा.

अँमीटरला तसा तोटा नाही, प्रश्न जोडीचा असतो. माझ्या बाकीच्या मीटरांशी अक्षराचं वळण, काट्याचा आकार, कड्याचा उतार सगळं जुळायला हवं, नाहीतर डॅशबोर्डवर ते परकं दिसतं. मधे शून्य, दोन्हीकडे 30, एका बाजूला चार्ज आणि दुसऱ्या बाजूला डिस्चार्ज. पुढे डायनामो जाऊन अल्टरनेटर आले, करंट वाढला, आणि सगळा करंट डॅशबोर्डमधून फिरवणं धोक्याचं व्हायला लागलं तसे अँमीटर मागे पडून व्होल्टमीटर आले. स्मिथ्सच्या अशा व्होल्टमीटरवर आकड्यांच्या जोडीला रंगीत पट्टेही असतात आणि कोड बीव्हीने सुरू होतो. एकाने मला तेच देऊ केलं, म्हणे तेवढंच भोक, बसवून टाका. बसेल हो, पण ते माझ्या गाडीच्या वयाचं नाही.

एका टेबलावर लढाईच्या काळातल्या विमानांची मीटरं होती. पुतण्याने एक उचललं, आकड्यांवरचा तपकिरी जाड रंग नखाने खरवडून बघणार तेवढ्यात मी हात धरला. तो रेडियमचा रंग असू शकतो. आता अंधारात चमकत नाही म्हणून लोकांना वाटतं की संपला, पण संपलेलं असतं ते त्यातलं चमकणारं झिंक सल्फाइड, रेडियम निम्मं व्हायलाच 1600 वर्षं लागतात, ते तिथेच आहे. अशा मीटरची काच कधीही घरी उघडायची नाही, भुकटी उडून श्वासात गेली तर काय. विकणाऱ्याने पण मान डोलवली आणि म्हणाला म्हणूनच ती सगळी बंद ठेवलीत. जुन्या मीटरांच्या नादी लागणाऱ्या प्रत्येकाला हे आधी सांगायला हवं असं मला फार वाटतं.

अँमीटर शेवटी मिळालं, काळी तबकडी, काटा बरोबर मधे. पण मागे नुसते दोन स्क्रू, डॅशबोर्डला धरून ठेवणारी यू आकाराची पट्टी आणि हाताने आवळायचे खाचदार नट गायब. हे नेहमीचंच, मीटर काढताना लोक पट्टी फेकून देतात. तासभर शोधल्यावर एका बाईंकडे बिस्किटांचा पत्र्याचा डबा मिळाला, त्यात नुसत्या पट्ट्या आणि नट, शेकड्याने. त्या म्हणाल्या नवऱ्याने आयुष्यभर गोळा केलं, एकही फेकू दिलं नाही. मी त्यातल्या दोन घेतल्या आणि त्यांच्या नवऱ्याचे मनोमन आभार मानले.

रात्री खोलीत अँमीटर उघडलं. स्मिथ्सचं हे कडं आत तीन जिभांनी अडकलेलं असतं, जिभा केसवरच्या खाचांसमोर येईपर्यंत कडं फिरवायचं आणि अलगद ओढायचं, स्क्रूड्रायव्हरने उचकटायचं नाही, एकदा वाकलं की वाकलं. साठ वर्षांत आतलं रबर डांबरासारखं होऊन चिकटलेलं असतं, म्हणून कडेने गंज सोडवायचं तेल थेंब थेंब सोडलं, अर्धा तास थांबलो, मग दोन्ही हातांनी धरून... करकर करत अर्धा सेंटिमीटर सरकलं. परत तेल. तिसऱ्या वेळेला सुटलं. काच साबणाच्या पाण्याने धुतली, तबकडीला मात्र फक्त मऊ ब्रश, स्पिरिट तर लांबच ठेवायचं, अक्षरं बोळ्याबरोबर उतरून येतात. केसच्या आतला पांढरा रंग पिवळा पडून सोलायला लागला होता, तो घरी गेल्यावर नवा द्यायचा, कारण 2.2 वॉटचा एवढासा बल्ब असतो, आतला पांढरा रंगच उजेड तबकडीवर पसरवतो. रात्री मीटर दिसत नाही म्हणून लोक मोठा बल्ब घालतात आणि मग उष्णतेने तबकडी जाते.

काटा रंगवू का असं पुतण्याने विचारलं. नाही. पिवळट झालाय तो बाकीच्या काट्यांबरोबरच झालाय, राहू दे.

दिवस पाचवा, सोमवार : वर्कशॉप आणि घर

टॉवेलातल्या मीटरचा दिवस. जोड मीटरचा ऑइलचा काटा चालतो, टेंपरेचरचा मेलेला. या मीटरातून केसाएवढ्या भोकाची लांब धातूची नळी निघते आणि रेडिएटरच्या बाजूला पितळी बल्बमध्ये (दिवा नव्हे, बंद डबी) संपते, आत ईथर, म्हणजे पटकन उडून जाणारं द्रव. पाणी तापलं की ईथरची वाफ दाब वाढवते, तो दाब मीटरमधल्या वळलेल्या चपट्या नळीला सरळ करायला बघतो, फुंकल्यावर उलगडणारी जत्रेतली पिपाणी असते ना, तसंच, आणि त्या हालचालीने काटा फिरतो. ही वळलेली नळी म्हणजे बुर्दों ट्यूब, 1849 पासूनची कल्पना. वाफेचा दाब गरमीबरोबर सारखा वाढत नाही, आधी हळूहळू आणि मग भराभर, म्हणून अशा मीटरवर थंडीकडचे आकडे दाटीवाटीने आणि गरमकडचे मोकळे असतात. माझी नळी कुणीतरी इंजिन काढताना तोडली होती, ईथर केव्हाच उडून गेलेलं.

ज्यांच्याकडे गेलो ते चाळीस वर्षं हेच काम करतात, नाव सांगणार नाही, त्यांना गर्दी नकोय. त्यांनी शेजारी बसून बघू दिलं. नवीन साध्या मीटरची नळी आणि बल्ब घेतला, भरलेला. बर्फ आणि मीठ कालवलेल्या भांड्यात बल्ब बुडवून ठेवला, बर्फात मीठ घातलं की ते शून्याच्या खाली बरंच उतरतं. ईथर 35 अंशाच्या आसपासच उकळतं, खोलीतल्या हवेत नळी कापली तर सगळं फस्सकन निघून जाईल, बर्फात मात्र ते निपचित पडून राहतं. दहा मिनिटं थांबले, घड्याळ लावून. मग नळी कापली, माझ्या मीटरच्या नळीचं टोक समोरासमोर आणलं, वर आधीच ओवून ठेवलेली तांब्याची बारीक बाही सरकवली आणि नुसत्या सोल्डरिंग आयर्नने जोड दिला, ज्योत अजिबात नाही, ईथर भयंकर पेटतं, खिडक्या सगळ्या सताड उघड्या. सोल्डर बाहीच्या दोन्ही तोंडांशी चकाकत गोल बसला. पण भोकात उतरला तर नळी बंद, सगळं परत. कुणी बोलत नव्हतं.

बल्ब बर्फातून काढला, पुसला, कोमट पाण्यात धरला. काही नाही. पाच सेकंद, दहा सेकंद... आणि काटा थरथरून हलला! मग उकळत्या पाण्यात, शेजारी थर्मामीटर. तबकडीवर 212 चा आकडा असतो, फॅरनहाइटमध्ये पाणी उकळतं तो, काटा त्याच्या किंचित अलीकडे थांबला. त्यांनी काटा अलगद उपसून केसभर सरकवून परत बसवला, परत बुडवला, बरोबर 212. मला राहवलं नाही, मी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

आरपीएम मीटर पण त्यांनी ड्रिलला लावून तपासलं, कमी वेगाला बरोबर, वरच्या वेगाला थोडं जास्त दाखवतं, ते ठेवून घेतलं, पुढच्या महिन्यात देतील.

घरी पोचायला रात्रीचे नऊ. जेवण नंतर, आधी गॅरेज. बॅटरी सोडवली, ब्राऊन वायरींची टोकं साफ केली, अँमीटर त्या भोकात सरकवलं, मागून पट्टी, खाचदार नट हाताने आवळले. जसं काही ते तिथेच होतं. बॅटरी जोडून हेडलाइट लावले तर काटा चार्जकडे गेला, म्हणजे वायरी उलट्या, बदलल्या, आता डिस्चार्जकडे. इंजिन सुरू केलं, थोडं रेस केलं, काटा शून्य ओलांडून दुसऱ्या बाजूला गेला आणि बॅटरी भरत आली तसा मिनिटाभरात हळूहळू मधे येऊन बसला. पुतण्या दिवा धरून उभा होता, त्याने दिवा बंद केला, फक्त मीटरमधला उजेड.

मग तो दिवा परत लावून बॉनेटखाली गेला आणि तिथून म्हणाला, "काका, आपल्या डायनामोला मागे गियरबॉक्स बसायची सोयच नाहीये." खरंच नाहीये. आरपीएम मीटर काढलं तेव्हाच कधीतरी साधा डायनामो बसवलेला दिसतोय, शेपूट बंद असलेला. आता त्या शेपटाचा डायनामो शोधायचा, उद्या सकाळपासून फोन.